पत्र्यावर उतरलेला फोटो

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात, तिथल्या विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये, एक पत्रा जपून ठेवलेला आहे. आकार साधारण १६ बाय २० सेंटिमीटर. धातू प्यूटर, म्हणजे बहुतांश कथील. तो खराब होऊ नये म्हणून ज्या पेटीत ठेवला आहे, तिच्यातला प्राणवायूसुद्धा काढून घेतलेला आहे. समोर उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही, मळकट आरसा वाटतो. मान जरा इकडे, जरा तिकडे करत राहिलं की एका छपराची तिरपी कड उमटते, बाजूला मनोऱ्यासारखं काही दिसतं. आपण हललो की सगळं पुन्हा गडप. निसेफोर निएप्स या फ्रेंच संशोधकाने १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून टिपलेला हा देखावा. कॅमेऱ्याने घेतलेल्या आणि आजवर टिकलेल्या छायाचित्रांत हे सर्वांत जुनं मानलं जातं.

पुस्तकांत याच चित्राची जी बऱ्यापैकी स्पष्ट काळी-पांढरी प्रत छापलेली असते, ती पाहून मात्र फसायला होतं. इतिहासकार हेल्मुट गर्नशाइम यांनी १९५२ साली हा विस्मृतीत गेलेला पत्रा शोधून काढला, तेव्हा त्याचा फोटो घेणं हेच मोठं काम होऊन बसलं. कोडॅकच्या प्रयोगशाळेने खटपट करून प्रत काढून दिली, पण ती गर्नशाइम यांच्या मनास येईना. शेवटी त्यांनी स्वतःच तिच्यावर जलरंगाचा हात फिरवला. आपण वर्षानुवर्षं पाहत आलो ती ही हात फिरवलेली प्रत. मूळ पत्रा असा कागदावर सरळ उतरायला तयारच नाही.

हल्ली ‘मेटल प्रिंट’ या नावाने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून मिळणारे फोटो नवलाईची वस्तू म्हणून विकले जातात. नवलाई आहे ती तंत्रात. धातू आणि फोटो यांची सोयरीक जुनीच आहे. टिकलेल्या फोटोंचा विचार केला तर कागदाच्या आधीची. आणि ऑस्टिनच्या पत्र्याची जी अट आहे, तीच थोड्याफार फरकाने आजच्या चकचकीत पत्र्यालाही लागू पडते. कागदावरचा फोटो या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला तरी फारसा बदलत नाही. धातूवरचा बदलतो. कुठून बघताय, कोणत्या उजेडात बघताय, समोर काय आहे, यावर त्याचं निम्मं रूप ठरतं. हे ध्यानात न घेता केलेल्या खरेदीतली बरीचशी पुढे माळ्यावर जाते.

सुरुवात ऑस्टिनच्या पत्र्यापासूनच करू. निएप्सने त्यावर डांबराच्या एका जातीचा पातळ थर दिला होता. ऊन लागेल तिथे हे डांबर कडक होतं, सावलीत ते मऊ राहतं. मग लव्हेंडरच्या तेलाने मऊ भाग धुऊन काढला की कडक थर उजेड म्हणून उरतो आणि उघडा पडलेला धातू सावली म्हणून. त्यासाठी पत्रा कॅमेऱ्यात किमान आठ तास राहिला असावा. काही अभ्यासकांच्या मते कित्येक दिवस. म्हणूनच या चित्रात ऊन इमारतींच्या दोन्ही अंगांना पडलेलं दिसतं.

१८३३ साली निएप्स वारला. त्याचा भागीदार लुई दागेर याने डांबराचा नाद सोडून चांदीची वाट धरली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा आणि तो घासून घासून आरशासारखा करायचा. बंद पेटीत आयोडीनच्या वाफेवर धरला की चांदीवर प्रकाशाला संवेदनशील असा पिवळसर थर चढतो. कॅमेऱ्यातून बाहेर काढल्यावरही पत्र्यावर काही दिसत नाही. पण तापवलेल्या पाऱ्याची वाफ दिली की जिथे प्रकाश पोचला होता तिथे चांदी आणि पारा मिळून अतिसूक्ष्म पांढुरके कण धरतात. उरलेला संवेदनशील थर धुऊन टाकला की झाला दागेरोटाइप. फ्रेंच सरकारने १९ ऑगस्ट १८३९ रोजी ही पद्धत सगळ्यांना खुली केली. आपली वर्तमानपत्रं दरवर्षी या तारखेला जागतिक छायाचित्रण दिनाच्या बातम्या छापतात, तो दिवस हाच. पुढच्याच वर्षी इपोलित फिझो या शास्त्रज्ञाने पत्र्याला सोन्याच्या क्षाराचं पुट देण्याची युक्ती काढली, त्याने चित्र टिकाऊ आणि उबदार झालं. पाऱ्याच्या वाफा हुंगत हे काम करणाऱ्यांच्या तब्येतीचं काय झालं असेल, हा विचार त्या काळी कोणी फारसा केलेला दिसत नाही.

दागेरोटाइप दिसतो कसा, हे जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. त्या पांढुरक्या कणांवर पडलेला प्रकाश चहूबाजूंना विखुरतो, म्हणून ते कुठूनही पांढरे दिसतात. कण नाहीत तिथे नुसती घासलेली चांदी असते आणि ती समोर जे असेल ते दाखवते. समोर काळोख असेल तर ती काळी दिसते आणि चित्र सरळ दिसतं. समोर उजळ भिंत किंवा खिडकी असेल तर चांदी कणांपेक्षाही उजळ होते आणि चित्र उलटं फिरतं : केस पांढरे, चेहरा काळा. पत्रा तोच, बघणाराही तोच. म्हणून दागेरोटाइप भिंतीवर टांगायची वस्तू सहसा झालीच नाही. काचेखाली सीलबंद करून तो चामड्याने मढवलेल्या छोट्या डबीत बसवत. डबीच्या झाकणाला आतून गडद मखमल किंवा रेशीम लावलेलं असे; झाकण योग्य कोनात धरलं की तो गडद रंग चांदीत पडतो आणि डबीतलं माणूस आपल्याकडे बघू लागतं. मखमल निव्वळ शोभेची नव्हती, तिला काम होतं.

प्रदर्शनात हे पत्रे मांडणं आजही डोकेदुखीचं आहे. बॉस्टनच्या साउथवर्थ आणि हॉज या नामांकित जोडीने काढलेल्या दागेरोटाइपांचं एक मोठं प्रदर्शन २००५ साली न्यूयॉर्कमध्ये भरलं होतं. दीडशे वर्षं टिकलेल्या त्या पत्र्यांपैकी काहींवर प्रदर्शनाच्या काळातच पांढुरका धूसर थर चढलेला आढळला. चांदीवरचा दागेरोटाइप प्रकाशाला पक्का असतो, ही समजूत तिथे मोडली. तेव्हापासून संग्रहालयं हे पत्रे उजेडात आणताना हात आखडता घेतात.

आपल्याकडे फोटोग्राफी १८४०च्या दशकातच पोचली, पण मुंबईतल्या मंडळींनी ती मनावर घेतली तोपर्यंत चांदीच्या पत्र्यांचा बहर ओसरू लागला होता. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांतले. नारायण दाजींनी स्वतः फोटो काढले, दाखवले. पण ही पिढी काम करत होती ती कागद आणि काच यांवर. १८५६ पासून मुंबईत निघालेल्या ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या मासिकात खरेखुरे कागदी फोटो पानांवर चिकटवून वाचकांना देत. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती, ही सोय पत्र्यात नव्हती. दागेरोटाइपची प्रत एकच. हरवली की गेली.

धातूने मात्र मैदान सोडलं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या केनियन कॉलेजचे प्राध्यापक हॅमिल्टन स्मिथ यांनी १८५६ साली स्वस्तातल्या पत्र्याचं पेटंट घेतलं. चांदी नाही, तांबं नाही. साधा लोखंडी पत्रा, त्यावर काळं रोगण आणि त्यावर कलोडियन नावाच्या चिकट द्रावणाचा संवेदनशील थर. चित्रातला उजळ भाग चांदीच्या पांढुरक्या कणांचा, काळा भाग म्हणजे खालचं रोगण. खालची बाजू आरशासारखी नसल्यामुळे मखमलीची कटकट संपली. हाच टिनटाइप. काही मिनिटांत तयार, हातात धरा, पाकिटात टाका, टपालाने पाठवा. १८६० साली अब्राहम लिंकन निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा चिमुकला टिनटाइप बसवलेले बिल्ले समर्थक छातीवर लावून फिरत होते. वर्षभरात यादवी युद्ध पेटलं आणि शिपायांनी असे पत्रे घरी धाडले. घरच्यांचे पत्रे शिपायांच्या खिशात राहिले. काच फुटली असती, कागद चुरगळला असता. पत्रा वाकला तरी माणूस ओळखू येत होता.

टिनटाइपमध्ये डावं-उजवं उलटं उमटतं. बिली द किड या अमेरिकन गुंडाचा एक प्रसिद्ध टिनटाइप आहे. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, म्हणून तो डावखुरा होता असं लोक कित्येक वर्षं मानत आले, त्यावर सिनेमाही निघाला. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आलं की चित्रातली बंदूक उलट्या बाजूने घडवलेली दिसते, म्हणजे चित्रच उलटं आहे. हा तळहाताएवढा लोखंडी तुकडा २०११ साली लिलावात २३ लाख डॉलरना गेला.

एवढं वाचून कोणाला वाटेल की मराठी माणसाचा धातूवरच्या फोटोशी संबंध आला तो परवापरवा. तसं नाही. लेटरप्रेसच्या जमान्यात मासिकात फोटो छापायचा म्हणजे आधी त्याचा ‘ब्लॉक’ करून आणावा लागे. बारीक चौकटींच्या जाळीतून फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, म्हणजे करड्या छटांचे लहानमोठे ठिपके होतात. ते ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाने उतरवायचे, पत्रा आम्लात सोडायचा. ठिपके तेवढे उभे राहतात, मधला धातू खाल्ला जातो. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे टाइपाच्या, उंचीला आणायचा आणि मजकुराशेजारी बसवायचा. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदासाठी मोठे ठिपके, आर्ट पेपरसाठी बारीक. भारतात हे शास्त्र कसोशीने अभ्यासणारे पहिले मोठे नाव म्हणजे कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, सत्यजित राय यांचे आजोबा. त्यांचे या विषयावरचे लेख इंग्लंडच्या एका मुद्रणविषयक वार्षिकात छापून येत. जुन्या दिवाळी अंकांतला प्रत्येक फोटो असा एकदा धातूवर जन्म घेऊन मग कागदावर आला. ऑफसेट आल्यावर जस्त गेलं आणि अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आली, एवढाच फरक. छापून झालं की ब्लॉक कपाटात आणि पुढे भंगारात. त्यांतला एखादा सुबक ब्लॉक कुठे मिळाला तर सोडू नका. नुसता टेबलावर ठेवला तरी पाहत बसावा असा असतो.

आता अ‍ॅल्युमिनियमकडे. दागेरला हा धातू वापरता आला नसता, कारण त्याच्या काळी तो चांदीहूनही दुर्मिळ होता. तिसऱ्या नेपोलियनच्या पंगतीत खास पाहुण्यांपुढे अ‍ॅल्युमिनियमचे काटे-चमचे मांडत, अशी आख्यायिका आहे. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांच्या नकळत, विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात काढायची पद्धत शोधली आणि राजघराण्यातला धातू आपल्याकडच्या ‘जर्मनच्या’ पातेल्यांपर्यंत खाली उतरला. हलका, न गंजणारा, सपाट राहणारा. फोटोला याहून बरा पाट मिळणं कठीण. अडचण एकच, त्यावर शाई धरत नाही.

ती अडचण सोडवली कापडवाल्यांनी. घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ होणं म्हणजे संप्लवन. शाळेच्या पुस्तकात त्याला कापराचं उदाहरण असतं. काही रंग असेच कापरासारखे वागतात. तापवले की त्यांची वाफ होते आणि ती वाफ पॉलिएस्टरमध्ये शिरते. कापडछपाईत याचा उपयोग करण्याचं श्रेय फ्रान्सच्या नोएल द प्लास यांना देतात. काळ १९५०च्या दशकाच्या अखेरचा. पुढे कोणीतरी पत्र्यावरच पॉलिएस्टरचा पारदर्शक थर द्यायला सुरुवात केली आणि वाट मोकळी झाली.

काम चालतं ते असं. फोटो एका विशिष्ट कागदावर उलटा छापतात. तो कागद पत्र्यावर पालथा घालून हीट प्रेसमध्ये दाबतात. उष्णता २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, वेळ एक ते तीन मिनिटं. एवढ्या उष्णतेला पॉलिएस्टरचे लांबलचक रेणू सैल होतात, रंगाची वाफ त्यांच्या फटींत घुसते. पत्रा गार झाला की फटी मिटतात आणि रंग आत अडकतो. म्हणजे चित्र थराच्या वर नसतं, थराच्या आत असतं. बोट फिरवलं तर काही लागत नाही, नखाने खरवडून निघत नाही. तालुक्याच्या गावी वाढदिवसाचा मग किंवा क्रिकेट संघाची जर्सी छापून देणारा दुकानदार हेच तंत्र वापरतो. सुती टी-शर्टवर तो ‘नाही जमणार’ म्हणतो ते उगाच नाही. सुतात या वाफेला शिरायला पॉलिएस्टर नसतं.

या शाईत पांढरा रंग नसतो. कागदावर छापताना पांढरं म्हणजे कोरा कागद, तसं इथे पांढरं म्हणजे जे खाली असेल ते. यातूनच गिऱ्हाइकापुढचा पहिला प्रश्न उभा राहतो. पत्र्यावर आधी पांढरा थर दिलेला असेल तर फोटो झळझळीत कागदी फोटोसारखा दिसतो, फक्त जास्त खोल. पांढरा थर नसेल, नुसता पारदर्शक असेल, तर जिथे जिथे फोटोत पांढरं आहे तिथे नुसतं अ‍ॅल्युमिनियम दिसतं, चंदेरी, घासल्याच्या बारीक रेघांसकट. दुकानात हा चंदेरी नमुना बघितला की मोह पडतोच. पण माझं मत स्पष्ट आहे : माणसांचे रंगीत फोटो चंदेरीवर करू नयेत. कातडीच्या उजळ छटेत धातू डोकावला की नवरी आजारी दिसते. शालूची जर चमकेल, मान्य. पण फोटो शालूचा काढलेला नसतो.

चंदेरी पत्रा खुलतो तो पाणी, काच, धातू आणि रात्र यांवर. पावसात भिजलेला मरीन ड्राइव्ह, कारखान्यातली यंत्रं, रेल्वेचे रूळ, नदीवरची उन्हाची तिरीप. माळशेज घाटातल्या धुक्याचा फोटो मात्र त्यावर हरवून जातो, कारण धुकं म्हणजे नुसती पांढरी छटा आणि ती सगळी धातू होऊन बसते. त्याला पांढऱ्या थराचा, तोही मॅट पत्रा हवा. आजोबा-पणजोबांचे जुने काळे-पांढरे किंवा तपकिरी झालेले फोटो हा चंदेरीचा एक सुंदर अपवाद आहे. स्कॅन करून, गडद भाग जरा गडदच ठेवून चंदेरी पत्र्यावर घेतले तर ते टिनटाइपची आठवण करून देतात.

आकाराबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त असतात. मोठ्या फोटोला इंचाला २०० बिंदू पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ६००० बाय ४००० बिंदूंची फाइल ३० बाय २० इंचांपर्यंत सहज जाते, आणि लांबून बघायची असेल तर त्याहूनही पुढे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो मात्र साधारण १६०० बिंदूंवर येऊन थांबलेला असतो, म्हणजे या हिशेबाने जेमतेम ८ इंच. मूळ फाइल मागवून घ्या. चकचकीत पत्रा दोष लपवत नाही, उलट मोठ्याने सांगतो.

वजनाची गोष्ट मात्र खरोखर सुखाची. दोन फूट बाय तीन फूट, सव्वा मिलिमीटरहून थोडा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पावणेदोन किलोच्या आत बसतो. त्याच मापाची दोन मिलिमीटरची नुसती काच पावणेतीन किलोंच्या आसपास भरते. चौकट, पुठ्ठा वेगळा. पत्र्याला काच लागत नाही, चौकट लागत नाही. पाठीमागे लहान आकाराची लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट चिकटवलेली असते, त्यामुळे पत्रा भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच पुढे, अधांतरी असल्यासारखा राहतो आणि मागे सावलीची एक बारीक कड पडते. चार कोपऱ्यांना भोकं पाडून स्टीलचे खुंटे लावायचीही पद्धत आहे. ऑफिसच्या पाट्यांना ते शोभतं, घरातल्या फोटोला मला नाही आवडत, नजर खुंट्यांकडेच जाते. नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नका. ओल धरलेल्या भिंतीवरून ती रंगाच्या पोपड्यासकट सुटून येते, आणि पत्र्याचा कोपरा जमिनीवर आपटून एकदा दुमडला की तो सरळ करता येत नाही. ड्रिल मारा, प्लग ठोका, स्क्रू पिळा.

जागा ठरवताना एक सोपी तपासणी करता येते. जिथे फोटो लावायचा तिथे घरातला आरसा धरा आणि आपण नेहमी जिथे बसतो तिथून बघायला सांगा. आरशात खिडकी, ट्यूबलाइट किंवा टीव्ही दिसला, तर चकचकीत पत्र्यावर फोटोच्या ऐवजी तेच दिसणार. काळोखी भिंत किंवा पुस्तकांचं कपाट दिसलं तर जागा उत्तम. दागेरोटाइपच्या डबीतल्या मखमलीचं काम तुमच्या दिवाणखान्यात हे कपाट करतं. वरून दिवा सोडायचा असेल तर तो छताजवळून तिरपा पडेल असा, भिंतीशी साधारण ३० अंशांत. म्हणजे उसळलेला प्रकाश खाली जमिनीकडे जातो, डोळ्यांत येत नाही. आणि चंदेरी पत्रा आजूबाजूचे रंग उचलतो, हे विसरू नका. समोरची भिंत गुलाबी असेल तर फोटोतली पहाट आणखी थोडी गुलाबी होणारच.

आपल्या हवेत या पत्र्याचं खरं मोल पावसाळ्यात कळतं. कोकणात, मुंबईत काचेमागचा कागदी फोटो काही पावसाळ्यांनी काचेलाच चिकटतो, त्यावर बुरशीचे ठिपके येतात, कडा कसर खाते. पत्र्याच्या थरात बुरशीला खायला कागद नाही, चिकटायला काच नाही. ओलसर मऊ फडक्याने पुसला की झालं. पण ऊन हा त्याचा शत्रू आहे. रंगाचे रेणू उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात, म्हणून संप्लवनाने केलेला फोटो गच्चीत किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर लावायचा नसतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कापलेल्या उघड्या कडांवर पांढरी भुकटीही धरू शकते. बाहेर लावायचंच असेल तर यंत्रांवरच्या जुन्या अ‍ॅनोडाइज्ड पाट्यांचं तंत्र बघावं. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेने सूक्ष्म छिद्रांचा कठीण ऑक्साइड तयार करतात, त्या छिद्रांत चांदीचं काळं चित्र उतरवतात आणि छिद्रं बुजवून टाकतात. उन्हापावसात ते वर्षानुवर्षं राहतं. रंग मात्र मिळत नाहीत.

देवघराशेजारच्या फोटोंबद्दल दोन शब्द. आईवडिलांचा फोटो पत्र्यावर करून घेणारे हल्ली दिसतात. काचेवर आपण गंध-कुंकू लावतो, वाळलं की खरडून काढतो. पत्र्यावर तसं खरडू नका. भुकटीतले बारीक कण चकाकीवर ओरखडे ओढतात आणि त्या ओरखड्यांवर दिव्याचा उजेड आयुष्यभर पडत राहतो. हार घालायचा तर पत्र्याच्या मागच्या चौकटीत खिळा मारून घ्यावा. समई अगदी खाली ठेवू नये.

शेवटी फसवणुकीबद्दल, कारण ती सर्रास चालते. ‘मेटल प्रिंट’ म्हणून दिला जाणारा प्रत्येक तुकडा वर सांगितलेल्या जातीचा नसतो. काही ठिकाणी व्हिनाइलवर फोटो छापून तो एसीपी शीटवर, म्हणजे पाट्यावाले वापरतात त्या दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पापुद्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या पत्र्यावर, चिकटवून देतात. कड बघा : मध्ये प्लास्टिकचा थर दिसतो आणि वरचा पापुद्रा नखाने उचलता येतो. काही ठिकाणी यूव्ही प्रिंटरने थेट धातूवर छापतात. ते वाईट नाही, त्यात पांढरी शाईही असते, त्यामुळे चेहऱ्याला पांढरा आधार देऊन बाकी पार्श्वभूमी चंदेरी ठेवता येते. पण शाई वर बसलेली असते, बोटाला किंचित खरखरीत लागते आणि ओरखडा पडला तर निघते. तिन्हींची किंमत एकच सांगितली जात असेल तर दुकान बदला.

मोठी ऑर्डर देण्याआधी त्याच फोटोचा छोटा तुकडा, हवं तर फोटोचा नुसता चेहऱ्याचा भाग, चंदेरी आणि पांढऱ्या अशा दोन्ही थरांवर करून मागा आणि तो ठरलेल्या जागी आठवडाभर टांगून सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या उजेडात बघा. नमुना द्यायला जो विक्रेता नाही म्हणेल, त्याच्याकडून पत्रा घेऊ नका.